बस्स म्हणेपर्यंत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतंच, सापडायला वेळ लागतो एवढंच... पंचवीस वर्षं मेकॅनिकी करताना हेच सांगत आलो. पण हे मला सुटलेलं नाही.

मांडवगण फराट्यात आमचं गॅरेज — मी आणि धाकटा भाऊ दत्तू. जुन्या ट्रकच्या डिझेल लाइनमध्ये हवा शिरली की आम्ही दोघं लागायचो. मी वर फिल्टरचा बोल्ट ढिला करायचो, दत्तू खाली झोपून हातानं पंप मारायचा. तीनदा जोरात, मग दम खायचा, पुन्हा तीनदा. बोल्टातून आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी नुसतं डिझेल. तेव्हा मी ‘बस्स’ म्हणायचो. त्याआधी तो थांबत नसे.

वरवंडला एक ट्रक दुरुस्त करून दिला, तो तासाभरात पुन्हा हवा धरून बंद पडला. मालक-ड्रायव्हरांसमोर मी दत्तूला वाट्टेल ते बोललो. साधी हवा काढता येत नाही, म्हणालो. तो हात पुसत एवढंच म्हणाला, "दादा, तू बस्स म्हणंस्तवर मारला व्हता मी." आणि निघून गेला. पुढं दौंडकडे एका कंपनीत लागला.

तो गेल्यावर मी त्या ट्रकचा डिझेलचा पाइप खोलला. जोडाला तांब्याची नवी चकती, वायसर, लावायचा असतो... मी जुनाच लावला होता. हवा तिथून शिरत होती. सांगू सांगू म्हणत दोन वर्षं गेली, आणि दत्तू कामावरच हार्ट अटॅकनं गेला.

गेल्या हंगामात राहूच्या शिवारात उसाचा ट्रक बंद पडला. भर दुपार. ड्रायव्हर वस्तीवर जेवायला गेलेला, मजूर लांब फडात. मी एकटाच. बोल्ट ढिला केला आणि सवयीनं तोंडून निघालं, "मार रे."

फेस आला.

तीनदा जोरात... मग दम... पुन्हा तीनदा. टाकी खाली, फिल्टर वर — पंप मारल्याशिवाय तिथं डिझेल चढत नाही. सांगायचं होतं ते ओठांवर आलं, तेवढ्यात बुडबुडे संपले, धार स्वच्छ झाली, आणि मी म्हणालो, "बस्स."

थांबलं.

वाकून पाहिलं, खाली कुणी नव्हतं. मी तिथंच मातीत बसून सगळं सांगितलं, वायसरचं... मग बोल्ट पुन्हा ढिला करून "मार रे, दत्तू" म्हणत राहिलो. थेंबही आला नाही.

नंतर जाणत्या मेकॅनिकांना विचारलं, पण कारण कुणालाच देता आलं नाही. ट्रक मात्र त्या दुपारी, बोल्ट आवळल्यावर, पहिल्याच सेल्फला सुरू झाला. ड्रायव्हर जेवून आला, म्हणाला, "मिस्त्री, एकट्यानंच काढली व्हय हवा?"

मी हो म्हणालो.