गुलाबी मंजन

हे मी नवऱ्याजवळही कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते माझं मलाच नीट कळत नाही. गोष्ट दात घासण्याची आहे, हसाल तुम्ही. हसा.

आमचं घर अकोल्याला, वडील वकील. सिंधू बार्शीटाकळीची. तिचे बाबा आमची शेती करायचे. गावात मुलींची शाळा चौथीलाच संपायची, म्हणून ती आमच्याकडे राहून शिकायची — माझ्याच वर्गात. घरात सगळे राखुंडीनं दात घासायचे. पण वडिलांनी एकदा अमरावतीहून आम्हा दोघींसाठी गुलाबी मंजनाचा डबा आणला. काय गोड होतं ते, अगं बाई! मी मोरीत जायची, चिमूटभर तळहातावर घ्यायची आणि — घासायची कुठली? चाटून टाकायची. ओठांना जरा गुलाबी लावून बाहेर आले की आई खूश.

डबा बघता बघता रिकामा झाला. आईनं विचारलं, मंजन गेलं कुठं? मी क्षणभरही थांबले नाही बघा — म्हटलं, सिंधू खाते.

आई तिला काही बोलली नाही. नवा डबा फळीवर गेला आणि सिंधूच्या हातावर राखुंडी आली, एवढंच. मग तिचे बाबा तुरीच्या डाळीचं गाठोडं घेऊन आले, तेव्हा आईनं त्यांच्या कानावर घातलंच. त्यांची मान खाली गेली.

"काहून वं सिंधू, खरं हाय काय?"

मी दाराआड. आता ही माझं नाव घेणार — आणि घेतलं असतं तर? वकिलाच्या मुलीला खोटं पाडून ती त्या घरात राहिली असती? शाळाच सुटली असती तिची. एवढ्याशा पोरीला ते कळत होतं. मला नव्हतं कळत? कळत होतं.

"हाव बाबा. चुकलं माहं."

मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलत नाही. तर सकाळी तिनंच मला हलवून उठवलं. "चाल, दात घास. किडले तं दुखतीन. मी उभी हावो." आणि खरंच उभी राहिली, राखुंडी हातावर घेऊन, मी घासते की चाटते ते बघत. रोज. आईचा धाक होता, शाळेत बाई ओळीत उभं करून दात बघायच्या — कशानंही माझं बोट दातांवर फिरलं नव्हतं. शेजारी सिंधू घासायची, म्हणून मी घासायला लागले. आज या वयात फुटाणे फोडते मी! केवढे उपकार तिचे. माझ्या पोरांनाही मी नुसतं 'जा, दात घास' कधी म्हटलं नाही. शेजारी उभी राहून स्वतः घासले.

सिंधू मॅट्रिक झाली, अचलपूरचं स्थळ आलं. लग्न आमच्याच अंगणात. सासरची माणसं पंगतीला बसलेली, आणि आईनं कौतुकानंच थट्टा केली — जपून हो विहीणबाई, आमची पोर मंजन खाते! सगळी पंगत हसली. सिंधूनं पदर तोंडाला लावला, तीही हसली. मग माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही हो, नुसतं पाहिलं. मी जिलबीचं ताट घेऊन उभी होते. तेव्हा बोलता आलं असतं. तोंड उघडलंही मी — आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.