निळा पंप, तपकिरी पंप

माझ्या बायकोला दमा होता आणि मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स फिटर होतो. या दोन गोष्टींचा संबंध होता, पण लोकांना वाटतो तो नाही. सगळे म्हणतात, कंपन्यांचा धूर. असेल. धुराने त्याचं काम केलं, मी माझं केलं.

आम्ही पनवेलला फ्लॅट घेतला तेव्हा विमानतळ नुसता गप्पांतच होता. ती करंजा बंदराची, कोळ्याची पोर, लहानपणापासून मासळीच्या टोपल्या वाहिलेली. जिना चढताना मलाच चिडवायची, "काय वो, दमले काय तुमी?" दुसऱ्या वर्षी तीच दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून बसायला लागली. छातीतून शिट्टी वाजायची.

डॉक्टरबाईंनी दोन पंप दिले, निळा आणि तपकिरी. चिठ्ठीच्या मागे श्वासाची नळी काढून दाखवली. म्हणाल्या, "नळीला आतून सूज आहे. तिच्याभोवती स्नायू असतात. सूज असली की ते चिडके होतात. धूळ, फोडणीचा ठसका, कशानेही आवळतात. निळा पंप ते स्नायू सैल करतो, पण सूज तशीच राहते. ती उतरवायला तपकिरी. रोज दोन वेळा, बरं वाटलं तरी."

मी जोरजोरात मान डोलावली. मला त्यातला फक्त आवळलेला स्नायू कळला. पाइपवरची क्लिप आवळली की पान्याने सैल करायची, विषय संपला. सूज हा प्रकार काही आमच्या स्टोअरमध्ये मिळत नव्हता.

तीन महिन्यांत ती ठणठणीत झाली. मग मी शहाणपणा पाजळला. "तो तपकिरी बंद कर. ओढलास तरी तेच, नाही ओढलास तरी तेच." चालत्या मशीनला उगाच हात लावायचा नाही, ही आमच्या खात्यातली शिस्त. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलाय ना रोज घ्यायला." मी म्हणालो, "बाईंनी कधी पाइप उघडून पाहिलाय? मी रोज उघडतो." ती हसली आणि तिने तपकिरी बंद केला.

निळा मेडिकलमध्ये मागितला की मिळायचा. आधी एक पंप दोन-तीन महिने पुरायचा, मग महिनाभर, मग पंधरवडाही पुरेना. मला त्याची काळजी वाटायला हवी होती. मला कौतुक वाटायचं. "बघ, दोन मिनिटांत मोकळी!" आत सूज वाढतेय, सुजेत राहून स्नायू जाड होतोय आणि आवळला की सुटायला कुरकुरतोय, हे मला दिसत नव्हतं. ती सांगायची, "आता पयल्यासारखा लागू पडत नाय वो." मी म्हणायचो, दोनदा ओढ.

त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी आलो. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली. निळा मुठीत. मी तो हलवून तिच्या तोंडात दाबला. पुन्हा दाबला. काहीच नाही. रिक्षात घातली. न्हावा शेव्याकडचे कंटेनर चौकात अडकले होते, तिथे आणखी चार वेळा दाबला. मला वाटलं, पंप रिकामा आहे. रिकामा नव्हता.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने मास्क लावला, इंजेक्शन दिलं. माझ्याकडे बघून विचारलं, "रोजचा पंप चालू होता ना?"

मी म्हणालो, "नाही."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने हाताने मास्क बाजूला केला. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाली, "मीच... बंद केलाय. यांचा... ऐकला नाय."

डॉक्टरने घाईने मास्क परत लावला आणि तिला झापायला लागला. असं करतात का ताई, शिकल्यासवरल्या ना तुम्ही. ती मान हलवत होती. मी तिच्या चपला हातात धरून शेजारी उभा होतो.

संध्याकाळी श्वासासाठी तिच्या घशात नळी घातली. त्यानंतर ती काही बोलू शकली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. जेवतो, झोपतो, शिफ्ट बदलली की गजर बदलतो. करंज्याला गेलो की सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवतात. म्हणतात, "माजीच पोर हट्टी, तिनं औषध सोरलं. तुमी तरी काय करनार?"

मी "हं" म्हणतो. मग त्या मला जेवायला वाढतात आणि मी जेवतो.