नळावरचा नंबर

जेवणानंतर शालन सुरवसेच्या पापण्या जड होतात. समोर शब्दकोशाची शेवटची मुद्रितं पडली आहेत. 'न'ची पानं आज संध्याकाळी छापखान्यात जायची आहेत. 'नंबर' या शब्दापुढे खांबेटे सरांच्या लाल पेन्सिलीनं लिहिलंय, 'परकीय, वगळावा.' कोशाचे संपादक असलेले सर जाऊन आठ महिने झाले, पण कचेरीत त्यांचा शब्द अजून कुणी मोडत नाही. या एका नोंदीसाठी शालननं अकरा वर्षं गावोगाव फिरून बोलण्यातले वापर टिपलेल्या चिठ्ठ्या जमवल्यात. आज ती गप्प बसली तर त्या सगळ्या रद्दीत जाणार. दोन मिनिटं म्हणून ती हातावर डोकं टेकते.

"वाचा चिठ्ठ्या," समोरच्या खुर्चीतून सर म्हणतात. माणूस गेलाय हे शालनला पक्कं ठाऊक आहे, तरी ती सवयीनं उठून उभी राहते आणि त्याचा तिला स्वतःचाच राग येतो.

ती वाचू लागते. चष्म्याचा नंबर. कॉलेजात लागलेला नंबर. एक नंबर जेवण, दोन नंबरचा धंदा. सर नकारार्थी मान हलवत राहतात. इंग्रज साहेबाकडून उसना आणलेला शब्द, म्हणतात; आपल्याकडे क्रमांक आहे की चांगला.

कपाटांमागून पाणी पडल्याचा आवाज येतो. ती वळते तर कपाटं नाहीतच. सोलापुरातली तिच्या आईची वस्ती आहे, चार दिवसांनी पाणी आलंय आणि नळापासून पार वळणापर्यंत घागरी, डबे, कळशा. मध्येच एक नुसती वीट. तिला कुणी हात लावत नाही. सर वहाणा हातात घेऊन चिखलात उभे आहेत.

"ही वीट कुणाची?"

"माझ्या आईची. नंबर लावून भाकऱ्या थापायला गेलीय."

"क्रमांक लावून म्हणा."

"क्रमांक दारावरच्या पाटीला असतो, सर. विटेचा नंबर म्हणजे काय, ते साहेबाला विचारून बघा. त्याला नाही सांगता येणार. हा शब्द ह्या बायकांनी उभं राहून कमावलाय."

सर वाकून वीट बघतात. "ठेवणार असाल, तर मुखपृष्ठावरून माझं नाव काढा."

ह्याच माणसानं शालनला, वस्तीतल्या पोरीला, कोशाच्या टेबलाशी बसवलं होतं. ती नळाखालची भरलेली कळशी काठाला धरून उचलते.

"नाव राहील, सर. आणि शब्दही राहील."

सर पाठ फिरवतात. चालू लागतात, मात्र जाताना विटेला वळसा घालून जातात.

शालनला जाग येते. खिडकीत दुपारचं ऊन तसंच आहे. उजव्या तळहातावर कळशीच्या काठाचा लालबुंद वळ उमटलाय, ओला. ती पेन्सिल बाजूला सारते आणि शाईच्या पेनानं 'वगळावा' खोडते. नळावरचा अर्थ पहिला लिहिते, बाकीचे त्याखाली. मग समासात स्वतःची सही करते. वळ ठणकतो, म्हणून जरा दाबूनच करते.