छर्रे शोधणारी बोटं

आबा गेले त्या सकाळी मी चहा ठेवत होते. आतल्या खोलीतून नवऱ्याने हाक मारली, त्या हाकेवरूनच कळलं... आबा म्हणजे माझे सासरे. सुरतेत लिंबायतच्या पॉवरलूमवर कान बहिरे करून घेतलेले, आणि मनाने कायम सातपुड्याच्या पायथ्याशी बसलेले.

माझ्या माहेरी अंडंही फुटत नसे. मला मटण रांधायला शिकवलं ते आबांनी, आणि तेही हरणाचं! हरीण मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती; पुढे शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक जमा झाली आणि पोट त्यांना सुरतेला घेऊन आलं. उरली फक्त हरीण रांधायची रीत, तीच ते बोकडावर चालवत. बोकडाच्या मांडीची सगळी चरबी मला काढायला लावत आणि म्हणत, "हरीन जनमभर रानमा धावेल-पयेल शे, तेनामा चरबी कोठून येई? तेल सढळ टाक, जाळ कमी कर." कुकरला सक्त मनाई. शिजवण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपायचा, कारण बंदुकीचा छर्रा आत राहिला तर खाणाऱ्याचा दात जातो. त्यांचा पुढचा अर्धा दात असाच गेला होता. दुकानातल्या ब्रॉयलर कोंबडीचे तुकडेसुद्धा ते चाचपत. "आबा, हिला कोणी गोळी घातली?" मी विचारायचे. ते ऐकू न आल्याचं सोंग घेत. पण चौदा वर्षांत माझ्या रश्श्याला "बरं शे" याच्या पुढे शब्द नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या महिन्यात अन्न जाईना. एकदा त्यांना तितर खायची इच्छा झाली; म्हणाले, "तितर खावानं वाटी राहिनं." तितर आता मारायचा नाही, मिळायचाही नाही. नवऱ्याला सुरतेबाहेर कडोदऱ्याला पाठवून पाळलेले बटेर, म्हणजे लावे पक्षी, आणले, आबांच्या रीतीने मंद जाळावर शिजवले आणि तितर म्हणून ताट पुढे केलं. आबांनी तुकडा चाचपला... बराच वेळ. मग हसले.

"यामा छर्रा नही शे. पाळेल पक्षी शे, माय."

मी मान खाली घातली. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला.

"पन रांधनं आपलं शे."

त्या एका 'आपलं'साठी मी चौदा वर्षं थांबले होते, हे मला तेव्हाच कळलं. पाच दिवसांनी आबा गेले.

सव्वा महिना घरात मटण आलं नाही. गेल्या रविवारी आलं. तुकडे धुता धुता माझी बोटं आपोआप चाचपू लागली. मुलगी शेजारी येऊन बसली. काय शोधतेस, असं तिने तिच्या गुजरातीत विचारलं, "मम्मी, शुं शोधे छे?"

"छर्रा."

"कसा असतो?"

"मीही कधी पाहिला नाही गं," म्हटलं, आणि इतके दिवस अडलेलं रडू फुटलं. तिने पातेल्यातला एक तुकडा उचलला आणि चाचपू लागली.