स्विचला हात लावायचा न्हाय

"बंद करायचं न्हाय, भावजी. काय बी करा, पण मशीन बंद करायचं न्हाय."

सुनीतावहिनींनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी कपाटाएवढ्या त्या व्हिडिओ गेममध्ये मागून अर्धा शिरलो होतो. राजारामपुरीतलं त्यांचं आईस्क्रीमचं दुकान अजून उघडायचं होतं. सोमवार होता. मेंटेनन्ससाठी नऊला लाईट जाणार, असा मेसेज आला होता. घड्याळात सव्वाआठ झाले होते आणि माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं.

चाळीस वर्षं मी टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि असली जुनी मशीनं दुरुस्त करतोय. चालू मशीन बंद न करता दुरुस्त करा, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कारण साधं होतं. या जुन्या गेमला स्कोअर साठवून ठेवता येत नाही. वीज गेली की पहिल्या पाच स्कोअरचं टेबल पुसलं जातं. वहिनींचे यजमान बाळासाहेब यांनी पाडव्याला चौऱ्याऐंशी हजारांचा स्कोअर केला. मित्रांनी तो मोडून दाखवावा म्हणून त्यांनी मशीन बंदच केलं नाही, कॉम्प्युटरच्या यूपीएसवर चालू ठेवलं. आठ दिवसांत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला. घरी व्यायामाच्या नावानं शंख. पण रोज दुकानात येऊन, जॉयस्टिकचा दांडा डाव्या हातात धरून हा गेम मात्र खेळायचे. उजव्या हाताचा आकडा डाव्यानं मोडायचा, एवढाच हट्ट. तेवढीच त्यांची हालचाल होती.

आता चित्रात मधेच रंगीत कचरा उमटत होता. शेजारचा फ्रीझर सुरू झाला की जास्तच. यूपीएसची बॅटरी तर पाच मिनिटंही टिकत नव्हती.

"आकडा कागदावर लिहून ठेवा की," मी म्हणालो.

समोर खुर्चीत बसलेले बाळासाहेब खेकसले, "कागदावर कुनीबी लिवतंय, मेस्त्री."

मी मीटर लावला. गेमच्या बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. पॉवर सप्लाय, म्हणजे घरच्या विजेचे पाच व्होल्ट करणारा डबा, बरोबर पाच देत होता. बोर्डावर मात्र पावणेपाचही भरेना. म्हणजे डबा चांगला, वाटेतच कुठंतरी गळती. डब्याच्या वायरी बोर्डाला जोडणारा कनेक्टर पाहिला, तर त्याची एक पिन जळून तपकिरी झालेली. सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवता आलं असतं. बरेच जण तेच करतात. पण मग जळकी पिन आणखी तापते.

बंद करून पिन बदलायला दहा मिनिटं पुरली असती. ती दहा मिनिटंच माझ्याकडं नव्हती.

मग सुचलं. आठवण फक्त बोर्डाला असते. स्क्रीन गेली तरी चालेल, बोर्डाला पाच व्होल्ट मिळत राहिले की झालं. मी माझ्या व्हॅनची बॅटरी काढून आणली. तिला बाराचे पाच व्होल्ट करणारं छोटं कन्व्हर्टर जोडलं. आता त्याच्या दोन वायरी चालू बोर्डावर सोल्डर करायच्या होत्या. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, लाईटवर असताना चालू बोर्डाला टेकवणं धोक्याचं. म्हणून ती तापवायची, तिचा प्लग उपसायचा आणि गार व्हायच्या आत टाका मारायचा. पहिला टाका बसला. दुसऱ्याच्या आधीच ती गार झाली. परत तापवली.

"किती वाजलं?" मी विचारलं.

"नवाला चार कमी. आन मला घाबरं करू नगासा," वहिनी म्हणाल्या.

दुसरा टाका बसला आणि तीनच मिनिटांत लाईट गेली. यूपीएस थोडा वेळ बोंबलून गप्प झाला, स्क्रीन काळी झाली. बोर्डावरचा लाल दिवा मात्र जळत होता. मी घाम पुसला आणि जळका कनेक्टर उपसून नवा बसवला.

एकला लाईट आली. स्क्रीन उजळली. चित्र स्वच्छ. टेबलाच्या पाचही ओळींत बाळासाहेबांचंच नाव, वर चौऱ्याऐंशी हजार. बोर्डावर पुरे पाच व्होल्ट. बाळासाहेबांनी डावा हात वर केला. मी बॅटरी काढली, हत्यारं गोळा केली, मागचं दार लावलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं स्विच बंद केला.

खट्.

लगेच चालू केला, पण त्याचा काय उपयोग? टेबलात कंपनीनं मुळातच भरून दिलेले पाच आकडे. सगळ्यात वरचा दहा हजार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी पाठ फिरवून फ्रीझर पुसायला लागल्या.

"मेस्त्री, चाळीस वर्सं ह्योच धंदा केलासा न्हवं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"व्हय."

"मग बसा गप."

त्यांनी पायानंच खुर्ची मशीनजवळ ओढली आणि डाव्या हातानं खेळायला लागले. तीनदा लगेच आऊट झाले. मी खाली बघत बसलो होतो. चौथ्यांदा मशीनमधून एक धून वाजली. वहिनींनी फडकं टाकलं. अकरा हजार दोनशे. मशीन नाव विचारत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाचही ओळी उजव्या हाताच्या मोठ्या आकड्यांनी भरलेल्या. त्यांचा डावा हात इतके महिने खेळून टेबलात एकदाही आला नव्हता. बाळासाहेबांनी एकेक अक्षर निवडलं. दांडा सारखा पुढं सरकत होता, ते परत मागं आणत होते. तीन अक्षरांना बराच वेळ लागला.

तेव्हापासून जे मशीन बंद करायचं नसतं, त्याच्या स्विचवर मी आधी लाल टेप मारतो, मगच हत्यारांची पेटी उघडतो. बाळासाहेबांच्या मशीनवरही त्या दिवशी मारायला निघालो होतो.

"टेप नगं," ते म्हणाले. "रोज रातीला बंद करायचं हे."

"आणि आकडा?"

"सकाळी परत करतो की."