राहिलेल्या अकरा जणांपुढं छान

शिवशरण सरांना दमलेलं बघायची मला इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी ते ताजेतवाने आले असते तर मीच डॉक्टर बोलावला असता. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ते अकरा वर्षं तासावर शिकवत होते. सकाळी इथं, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळी क्लास. मी गणपतराव, संगणक खोलीचा शिपाई. किल्ली माझ्याकडं, म्हणून सर माझ्याशी गोड बोलायचे.

२००९ साली त्यांनी डोक्याला नवीन ताप लावून घेतला. बत्तीस पोरांनी आपापल्या गावाकडच्या कामधंद्यावर ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायचा आणि प्रत्येकानं जोडीदाराचा लेख वाचून अभिप्राय द्यायचा. चुका स्पष्ट लिहा, असं सरांनी तीनदा बजावलं.

आमची पोरं तोंडानं काय कमी आहेत? चहाच्या गाड्यावर एकमेकांच्या लेखांची पार सालटी काढायची. पण लिहायची वेळ आली की हात आखडायचा. आमच्याकडं बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलं की ती तक्रार होते. सगळ्यांनी एकच शब्द लिहिला, छान.

त्यावर सरांनी स्वतःचा शेरा द्यायचा होता. एकवीस लेख त्यांनी वाचले. मग खुर्चीतच डोळे मिटून म्हणाले, "गणपतराव, राहिलेल्या अकरा जणांपुढं तुम्हीच छान टाका."

मी टाकलं. मलाही घरी जायचं होतं.

त्या अकरांत चंदगडकडची दानेश्वरी होती. तिची आई गौराबाई काजू फोडायला जायची, त्यावर तिनं लेख लिहिला होता. तुझ्या हातांबद्दल लिहिलंय, असं तिनं आईला कळवलं होतं आणि ते बघायला आई शनिवारी येणार होती. नेमका शुक्रवारी लेख गेला. त्यातला एक परिच्छेद छापील माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला निघाला, म्हणून ज्ञानकोशाच्या संपादकांनी अख्खा लेखच काढला. पोरीनं थेट संगणकावर लिहिलेला, कागदावर काहीच नव्हतं.

तिचा जोडीदार गारगोटीचा जोतीराम. सरांनी त्याला फैलावर घेतलं.

"पैल्याच दिवशी दिसलं हुतं सर," तो मान खाली घालून म्हणाला. "पण लिवलं आसतं तर तिची तक्रार केल्यागत झालं आसतं."

सरांनी हातानंच त्याला जागेवर जायला सांगितलं.

शनिवारी गौराबाई पहाटेची एसटी धरून आल्या. लेख गेल्याचं सांगून दानेश्वरी कोपऱ्यात रडत बसली. गौराबाईंनी काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं पदराखाली घेतली आणि सरांकडं वळल्या.

"गेलं तर जाऊ दे. मला कुटं वाचाय येतंय? तुमी वाचलंयसा न्हवं? माज्या हातांचं काय लिवलं हुतं, तेवडं सांगा की."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी हातातली किल्ली बघायला लागलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेव्हा जोतीराम पुढं आला. मी सांगतो मावशी, म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. आई सोललेल्या बोटांना राख चोळते. सणाला पोळ्या लाटताना शेजारणी आल्या की हात लपवते. लेकीला तिनं आजवर काजूची एकही बी फोडू दिलेली नाही. शेवटचं वाक्य त्याला पाठच होतं.

"माझ्या हातांवर एकही डाग नाही, तो तिनं पडू दिला नाही."

गौराबाईंनी डोळे पुसले, तेव्हा बोटं झाकायची राहून गेली. सर भिंतीला टेकून ऐकत होते. ते पहिल्यांदाच ऐकत होते, हे तिथं फक्त मला माहीत होतं.