खाचराच्या कोपऱ्यातली पाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय आला की मी घाईनं पुढे सरकायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता, तर आजही बहुधा गप्पच राहिलो असतो.

दुसऱ्या महायुद्धात मी फौजेत सुरुंग शोधायच्या कामावर होतो. लांब दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती, पाठीवर पेटी आणि दोन्ही कानांवर घट्ट बसणारे डबे — असं ते यंत्र. चकती जमिनीवरून फिरवत चालायचं. कानात बारीक गुणगुण चालू असते. खाली धातू आला की ती चढते. ऐकू येतं ते फक्त यंत्र धरणाऱ्याला. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत उभे असतात. तो 'आहे' म्हणाला तर आहे. 'नाही' म्हणाला तर नाही.

लढाई संपता संपता आमची तुकडी लोणावळ्याजवळ छावणीला आली. माझं गाव तिथून जवळच, मळवलीच्या बाजूला. एकदा आमच्या साहेबाच्या मडमेची अंगठी भुशीच्या धरणाखाली गवतात पडली. मी दुपारभर फिरून ती काढून दिली. साहेब खूश, आणि बाजारात बोभाटा झाला की अमक्याचा मुलगा जमिनीत गेलेलं सोनं काढतो.

ते ऐकून छावणीच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. हौसावहिनी. माझ्या थोरल्या भावाची पहिली बायको. 'पहिली' — हा शब्द तिच्यामागे लागला, तो माझ्यामुळे.

मी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होतो. आमच्या खाचरात भाताच्या रोपांची आवणी चालली होती. संध्याकाळी आईच्या ध्यानात आलं की हातातली सोन्याची पाटली नाही. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, चिखलात गळली आसंल, तुमच्या हातात मी सकाळी बघितलीया." आई म्हणाली, मी ती पेटीत काढून ठेवली होती. दोघींपैकी एकीचंच खरं असणार. मग आईनं मला विचारलं, "तू घरात व्हतास. हिनं पेटी उघडली का न्हाई?"

वहिनी आतल्या खोलीत गेली होती, एवढंच मी पाहिलं होतं. पेटी उघडताना पाहिलं नव्हतं. पण सगळं घर माझ्याकडे बघत होतं, आणि आईला कोणतं उत्तर हवंय ते मला कळत होतं. मी म्हणालो, "व्हय."

का म्हणालो? वहिनीनं माझं काय वाईट केलं होतं? काही नाही. उलट मला ताप आला की उशाशी तीच बसायची. आईला नाही म्हणायचं धाडस झालं नाही, बस. दुसऱ्या दिवशी दादानं तिला कामशेतच्या पलीकडे तिच्या माहेरी नेऊन सोडलं. पुढच्या लगीनसराईत त्याचं दुसरं लग्न झालं.

आणि आता ती फाटकाशी उभी होती. वाळली होती. तक्रार नव्हती तोंडात, राग नव्हता. म्हणाली, "भाऊजी, त्या दिशी तुमाला तसं दिसलं आसंल, मी कुटं न्हाई म्हनती? पर एकडाव ते मशिन आपल्या खाचरात फिरवा. गावली तर गावली. मला परत यायचं न्हाई. निस्तं नाव धुवून निघंल."

'तुमाला तसं दिसलं आसंल' — माझं खोटंसुद्धा तिनं नजरचूक मानलं होतं.

साहेबानं एक दिवस यंत्र न्यायला परवानगी दिली. भात निघालं होतं, खाचर कोरडं पडलं होतं, पायाखाली धसकटं टोचत होती. आई, दादा, कडेवर मूल घेतलेली नवी वहिनी आणि अर्धं गाव असं सगळं एका बांधावर. हौसावहिनी दुसऱ्या बांधावर, एकटी.

मी मधल्या भागातून फिरलो. काही नाही. मग नांगर वळत नाही त्या कोपऱ्याशी आलो — आणि कानातली गुणगुण चढली. चकती मागे घेतली, ती उतरली. पुढे नेली, पुन्हा चढली.

मी वर पाहिलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. दादाचा दुसरा संसार, ते मूल, आईचं वय. पण खरं सांगतो — त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. एवढंच आलं की पाटली निघाली, की हे सगळे लोक माझ्याकडे वळतील आणि विचारतील, मग तू पेटीचं काय पाहिलं होतंस?

मी कानांवरचे डबे काढले. "न्हाई. हितं काय न्हाई."

आई गावकऱ्यांकडे वळून म्हणाली, "मी काय म्हनत व्हते?" हौसावहिनी बांधावरून उतरली, माझ्यापाशी आली, आणि म्हणाली, "तुमाला उगाच तरास दिला, भाऊजी." मग चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो कोपरा खणला. खिळा निघावा, नालाचा तुकडा निघावा, असं किती वाटत होतं! वीतभर खाली पाटली होती. जराशी वाकलेली. ती मी भुशीच्या पाण्यात फेकून दिली. तिच्या हातात नेऊन ठेवता आली असती. कामशेत काय लांब होतं?

काही वर्षांनी लोणावळ्याच्या बाजारात ती भेटली. एका शेठच्या बंगल्यावर कामाला होती. बरं चाललंय म्हणाली. मालकीण जीव लावते, कपाटाच्या किल्ल्यासुद्धा द्यायला बघते. "पर मी घेत न्हाई," ती म्हणाली. "आदी मी छातीठोक सांगायची, मी न्हाई घेतली म्हनून. तुमी शोधून न्हाई म्हनलात, तवापासनं सांगायचं सोडलं. कुनी सांगावं, भाऊजी — माज्याच हातानं काय झालं आसंल, आन् मलाच ठावं नसंल."

माझ्यावर तिचा इतका विश्वास होता, की तिनं स्वतःवरचा काढून घेतला.

तेव्हा तरी बोलायचं. बाजार होता, माणसं होती, पण दोन शब्द बोलता आले असते. मी 'येतो' म्हणालो आणि गाडी पकडायला निघालो.

ती माहेरीच वारली. तेराव्याला मी गेलो होतो. सासरकडून आलेला मी एकटाच, म्हणून तिच्या भावानं मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं. "तिच्यासाठी तुमी लय केलंत," म्हणाला.

मी मान खाली घातली आणि जेवलो.